श्रीमंतीचा मोह आणि समीक्षकांची पंचाईत

एमरल्ड फेनेल यांचा ‘सॉल्टबर्न’ ३१ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतल्या टेल्युराइड महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. ऑक्टोबरात लंडनच्या चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन त्यानेच झाले. नोव्हेंबरात तो चित्रपटगृहांत आला, आणि तोवर समीक्षकांमध्ये उघड दोन तट पडले होते. चित्रपटावरून असे तट पडणे नवे नाही. नवल याचे, की दोन्ही बाजू बोट ठेवत होत्या ते त्याच त्या प्रसंगांवर. न्हाणीघर, कबर, शेवटचे नग्न नृत्य. एकाला त्यात दिग्दर्शिकेची हिंमत दिसली, दुसऱ्याला प्रेक्षकाला हादरवण्याचा नुसता आव. एकाने त्याला वर्षातला सर्वांत चटकदार चित्रपट म्हटले, तर दुसऱ्याने वरून झगमगीत आणि आतून रिकामा.

या संग्रहातले लेख वाचण्याआधी या भांडणाचे मूळ समजून घेतले पाहिजे. माझ्या मते ते चित्रपटाच्या बऱ्यावाईटपणात नाही, तो कोणत्या जातीचा चित्रपट आहे या प्रश्नात आहे. ‘सॉल्टबर्न’ श्रीमंतांवर चिडलेला आहे असे धरून जे बसले, त्यांना तो पोकळ वाटला. श्रीमंतीवर भाळलेल्या माणसाची ही गोष्ट आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांना त्यात मोठी संगती दिसली. मी या दुसऱ्या बाजूचा पक्ष घेतो. पण पहिल्या बाजूचे आक्षेप बाजूला सारून तो घेता येत नाही.

कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे, आणि शेवटासकट सांगितले पाहिजे. कारण समीक्षेतला निम्मा वाद शेवटावरच आहे. काळ २००६-०७चा. ऑलिव्हर क्विक हा एकलकोंडा, हुशार विद्यार्थी ऑक्सफर्डमध्ये शिष्यवृत्तीवर शिकायला येतो. तिथे फेलिक्स कॅटन आहे. देखणा, उमदा, खानदानी श्रीमंत, आणि सगळे कॉलेज ज्याच्याभोवती फिरते असा. फेलिक्सची सायकल पंक्चर होते, ऑलिव्हर त्याला आपली देतो आणि ओळख जमते. आपले आईवडील व्यसनी, घरची परिस्थिती बिकट, आणि वडील नुकतेच वारले असे ऑलिव्हर सांगतो. कळवळून फेलिक्स त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या घरी नेतो. त्या घराचे नाव सॉल्टबर्न. वडील सर जेम्स, आई एल्स्पेथ, बहीण व्हेनिशिया, आश्रितासारखा वाढलेला आतेभाऊ फार्ली, आणि मुक्काम लांबवून बसलेली पाहुणी पामेला. सुट्टी सरता सरता फेलिक्स मरतो, मग व्हेनिशिया. काही वर्षांनी सर जेम्स जातात आणि एल्स्पेथचा शेवट ऑलिव्हरच्याच हातून होतो. घर त्याच्या नावावर झालेले असते. सायकलसुद्धा त्यानेच पंक्चर केली होती, हे आपल्याला शेवटी दाखवले जाते.

इंग्रजी वाचणाऱ्या-पाहणाऱ्या समीक्षकाला हा ऐवज ओळखीचा वाटणारच. ऑक्सफर्डमधली असमान मैत्री आणि भव्य घराची भूल म्हटले की एव्हलिन वॉ यांची १९४५ची ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ आठवते, आणि तिच्यावरची १९८१ची दूरचित्रवाणी मालिकाही. श्रीमंत मित्रावर जीव जडवून अखेर त्याचीच जागा बळकावणारा तरुण म्हटले की पॅट्रिशिया हायस्मिथ यांचा १९५५चा टॉम रिप्ली. घरात शिरून एकेकाला वश करणारा पाहुणा म्हटले की पासोलिनी यांचा १९६८चा ‘तेओरेमा’. आणि वारसाहक्काच्या वाटेतले नातेवाईक एकामागून एक संपवणारा सभ्य खुनी म्हटले की रॉबर्ट हॅमर यांचा १९४९चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’, ज्यात बळी पडणाऱ्या घराण्यातल्या आठ भूमिका अॅलेक गिनेस यांनी एकट्याने केल्या.

‘सॉल्टबर्न’वरचा पहिला आक्षेप इथूनच आला: हे सगळे उसने आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने फार काही सिद्ध होत नाही. चित्रपट स्वतःची उसनवारी लपवत नाही. वॉ यांचे नाव पात्रांच्याच तोंडी येते, आणि वॉ यांची माणसे आपल्याच घराण्यावरून बेतलेली, असे फेलिक्स सहज बोलून जातो. ऑलिव्हरने या कथा वाचलेल्या आहेत. तो पुस्तकी मुलगा आहे, आणि श्रीमंतीची त्याची ओळख आधी पुस्तकातली आहे. त्यामुळे त्याला हवे असलेले घर जुन्या कादंबऱ्यांतल्या घरांसारखेच दिसणे चित्रपटाच्या हेतूला धरूनच आहे.

त्यापेक्षा वजनदार आक्षेप वेळेचा होता. २०१९ साली बाँग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ला कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. त्याच वर्षी ‘नाइव्ह्ज आउट’ आणि ‘रेडी ऑर नॉट’ आले. २०२२मध्ये रुबेन ऑस्टलंड यांच्या ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ने पुन्हा कान जिंकले, पाठोपाठ ‘द मेन्यू’ आला. छोट्या पडद्यावर ‘सक्सेशन’ मे २०२३मध्येच संपली होती, तर ‘द व्हाइट लोटस’ सुरू होती. श्रीमंतांची फजिती पडद्यावर पाहण्याची एक रीतच पडून गेली होती. त्या रांगेत ‘सॉल्टबर्न’ आला तेव्हा समीक्षकांनी त्याला तीच मोजपट्टी लावली. हा चित्रपट श्रीमंतांना कुठे आणि किती झोडपतो? त्यात भर पडली ती फेनेल यांच्या आधीच्या चित्रपटाची. ‘प्रॉमिसिंग यंग वुमन’मध्ये संताप होता, मुद्दा होता, आणि त्या पटकथेला २०२१ साली ऑस्कर मिळाले होते. तोच संताप आता वर्गभेदावर तुटून पडेल अशी अपेक्षा तयार झाली होती. ती पुरी झाली नाही, आणि त्या अपेक्षाभंगाची परीक्षणे बरीच लिहिली गेली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’मधले वेस्ली मॉरिस यांचे परीक्षण प्रतिकूल परीक्षणांपैकी ठळक. तरीही परीक्षणांची बेरीज करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर दहापैकी साधारण सात परीक्षणे अनुकूल ठरली. म्हणजे समीक्षकांनी एकमुखाने नाकारलेला हा चित्रपट नव्हे. लोक ज्यावर हिरिरीने भांडले असा हा चित्रपट आहे.

काही गोष्टींवर मात्र दोन्ही बाजूंचे जवळपास एकमत होते. एल्स्पेथच्या भूमिकेतल्या रोझमंड पाइक यांचे विनोदाचे टायमिंग, बॅरी किओगन यांची ऑलिव्हर म्हणून झोकून देण्याची तयारी, जेकब इलॉर्डी यांचा सहज मोहक फेलिक्स आणि लिनस सँडग्रेन यांचे छायाचित्रण. ३५ मिलिमीटर फिल्मवर, जुन्या चित्रपटांसारख्या जवळजवळ चौकोनी चौकटीत हे घर टिपले आहे. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ड्रेटन हाउस या खऱ्या वास्तूत चित्रीकरण झाले, पण त्या चौकटीमुळे एवढा अवाढव्य प्रासादसुद्धा डोळा लावून पाहायच्या बाहुलीघरासारखा भासतो. आपण प्रेक्षक आत नाही, बाहेरून डोकावणारे आहोत, ही जाणीव चौकट सतत करून देते. बाफ्टाची पाच नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. ऑस्करने तर दखलही घेतली नाही. हे निकालही तेच सांगतात. कारागिरी मान्य, पण चित्रपटाला मान्यता द्यायला हात आखडता.

आता मुख्य वादाकडे. सर्वांत गंभीर आक्षेप वर्गाच्या राजकारणाचा आहे. फेलिक्स ऑलिव्हरला वाढदिवसाची अचानक भेट म्हणून त्याच्या गावी, लिव्हरपूलजवळच्या प्रेस्कटला, घेऊन जातो. तिथे निघते काय? टुमदार घर, धडधाकट वडील, मायाळू आई, सुखवस्तू मध्यमवर्ग. गरिबी खोटी, व्यसन खोटे, मरण खोटे. अनेक समीक्षकांना हे खटकले, आणि खटकण्यासारखे आहेच. खानदानी लोक भोळे, जरा वेडगळ, पण निरुपद्रवी. खरा साप कोण, तर खालून वर येऊ पाहणारा. असा चित्रपटाचा निष्कर्ष निघत असेल तर तो श्रीमंतांची बाजू घेणाराच ठरतो. फेनेल प्रसिद्ध जवाहिऱ्यांच्या कन्या, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेल्या. तेव्हा हा निष्कर्ष त्यांच्या सोयीचा आहे, असेही म्हटले गेले. दिग्दर्शिकेचा जन्म हा कलाकृतीविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. पण आक्षेपाचा पहिला भाग उत्तर मागतो.

उत्तर शोधायला चित्रपटातल्याच एका न्याहारीकडे बघू. सॉल्टबर्नमधली ऑलिव्हरची ती पहिली सकाळ आहे. बाजूला मांडलेले इतर पदार्थ स्वतः घ्यायचे, अंडी मात्र बटलरला सांगून मागवायची, ही रीत त्याला ठाऊक नाही. तो चाचरत अंडी मागवतो. बशी येते, पिवळा बलक पातळ राहिलेला असतो. सहसा अशा घरी पहिल्यांदा आलेला, भेदरलेला गरीब मुलगा ती मुकाट्याने गिळेल. ऑलिव्हर बशी परत पाठवतो. कच्चट अंड्याने आपल्याला मळमळते, असे नम्रपणे सांगतो. बटलर डंकन चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता बशी उचलतो. पहिल्यांदा पाहताना हा नुसता अवघडलेला विनोद वाटतो. प्रेस्कटचे घर पाहून झाल्यावर मागे वळले की कळते, इथेच त्याचे पितळ उघडे पडले होते. जेवणात खोड काढायची सवय असलेल्या, आवडीनिवडी जपल्या गेलेल्या घरचा हा मुलगा आहे. त्याला पोटाची भूक कधी माहीत नव्हती. भूक आहे ती दुसऱ्याच्या ताटाची.

हाच या चित्रपटाचा गाभा आहे. ऑलिव्हरला काही कमी नव्हते, आणि म्हणूनच त्याची हाव भयंकर आहे. तो गरीब असता तर त्याच्या खुनांना सूडाचा, न्यायाचा मुलामा देता आला असता, आणि प्रेक्षकालाही सुखाने टाळ्या पिटता आल्या असत्या. फेनेल यांनी ती पळवाट बंद केली. पुरेसे असूनही आणखी हवे असणारा, आणि ते मिळवण्यासाठी गरिबीचे सोंग घेणारा नायक त्यांनी समोर ठेवला. चित्रपट पाहणाऱ्यांतला आणि त्यावर लिहिणाऱ्यांतला मोठा वर्ग प्रेस्कटच्याच घरासारख्या घरांतून आलेला आहे. अंगुलिनिर्देश कॅटन कुटुंबापेक्षा आपल्याकडे आहे हे लक्षात आले, की राजकारणाचा आक्षेप पुसला जात नाही, पण त्याचा रोख बदलतो.

श्रीमंतांना चित्रपट सोडून देतो, हेही खरे नाही. त्यासाठी दुसरा एक प्रसंग बारकाईने पाहावा. वाढदिवसाच्या जंगी पार्टीनंतरची सकाळ. हिरव्या कुंपणांच्या भुलभुलैयात फेलिक्सचे प्रेत सापडले आहे. आणि कुटुंब जेवायला बसते. वेळ झाली की जेवायचे, एवढीच रीत त्यांना येते. खिडकीबाहेर प्रेत नेले जाणार म्हणून पडदे ओढायचा हुकूम होतो आणि लाल पडद्यांतून आलेल्या उजेडात सारी खोली रक्तासारखी लालभडक होते. कुणी पाई वाढतो, कुणी मीठ मागतो, सर जेम्स मध्येच फुटतात आणि सावरतात. व्हेनिशिया ग्लासात वाइन ओतत राहते, ग्लास भरून मेजावर वाहू लागतो, तरी ओततच राहते. विनोद, किळस आणि शोक इथे एकाच ताटात वाढले आहेत. या माणसांना दुःख होत नाही असे नाही. ते व्यक्त करायची भाषाच त्यांच्या शिष्टाचाराने हिरावून घेतली आहे. संपत्तीवरची ही टीका घोषणेत बसणारी नाही, म्हणून ती अनेकांच्या नजरेतून सुटली.

हा सूर समजायला कॅम्प या अभिरुचीची ओळख लागते. सूझन सोनटॅग यांनी १९६४ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’मध्ये तिच्यावर टिपणे लिहिली, आणि तेव्हापासून समीक्षेत ती चर्चा त्या टिपणांना धरूनच चालते. अतिशयोक्तीवर, कृत्रिमतेवर, भडकपणावर मनापासून जीव असणारी ही अभिरुची आहे. गंभीर गोष्टीला नाटकी पोशाख चढवायचा आणि त्या पोशाखावरही तितकेच प्रेम करायचे. सोनटॅग यांनी त्यात निरागस आणि जाणूनबुजून केलेला असा भेद केला आणि अस्सलपणाचा मान निरागसाला दिला. ‘सॉल्टबर्न’वरची मोठी तक्रार नेमकी हीच: यातले सगळे ठरवून केलेले आहे. फेलिक्सच्या स्नानाचे उरलेसुरले पाणी ऑलिव्हर टबाच्या भोकाशी ओठ लावून पितो, तेव्हा प्रेक्षक शहारला पाहिजे असा बेत दिसतो, आणि बेत दिसला की परिणाम ओसरतो, असा हा युक्तिवाद. मला तो पुरता पटत नाही. त्या प्रसंगात कॅमेरा हसत नाही, हिणवत नाही. ऑलिव्हरला जे मिळणार नाही त्याचे उष्टेही त्याला प्रसादासारखे आहे, ही भावना त्यात पूर्ण गांभीर्याने उभी राहते. भडकपणाच्या आत खरी वासना आणि खरे एकटेपण आहे. म्हणूनच तो प्रसंग पाहून झाला तरी डोक्यातून जात नाही.

एक आक्षेप मात्र मी निखालस मान्य करतो. शेवटी चित्रपट मागे जाऊन ऑलिव्हरने प्रत्येक डाव कसा टाकला होता हे एकेक करून दाखवतो. त्याची गरज नव्हती. हेतू आणि योगायोग, प्रेम आणि कारस्थान यांच्यातली जी धूसर रेषा दोन तास जपली होती ती इथे पुसून टाकली जाते. सगळेच पूर्वनियोजित ठरले की ऑलिव्हरचे फेलिक्सवरचे प्रेम खोटे ठरण्याचा धोका निर्माण होतो, आणि ते खोटे ठरले तर चित्रपटाचा कणाच मोडतो. तुलनेसाठी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ पाहावा. त्यातला खुनी आपली कबुली असलेले हस्तलिखित तुरुंगात विसरून येतो आणि चित्रपट तिथेच थांबतो, पुढचे प्रेक्षकावर सोडून. अमेरिकेतल्या तत्कालीन नीतिसंहितेला ते चालले नाही. तिथल्या आवृत्तीत हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचे दाखवावे लागले. त्या काळी स्पष्टीकरण लादले गेले होते. फेनेल यांनी ते आपणहून दिले.

चित्रपटगृहांतून सुमारे २.१ कोटी डॉलर मिळवून चित्रपट बाजूला झाला असता, तर समीक्षेची कथाही इथे संपली असती. पण २२ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन नाताळात, तो प्राइम व्हिडिओवर आला आणि भारतासह जगभरच्या घरांत पोचला. मग समीक्षेचा ताबा प्रेक्षकांनी घेतला. घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर तो पाहण्याची चूक केलेल्यांचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरू लागले. शेवटच्या नृत्यामागे वाजणारे सोफी एलिस-बेक्स्टर यांचे २००१चे गाणे जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनच्या यादीत पुन्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत तर पहिल्यांदाच शिरले. आणि या साऱ्यात सर्वांत बोलकी गोष्ट घडली. खरोखरच्या हवेल्यांत राहणारी मुले त्याच गाण्यावर आपापल्या दालनांतून, जिन्यांवरून नाचत स्वतःचे घर दाखवू लागली. लोकांना ते व्हिडिओ पाहावेसे वाटत होते. ड्रेटन हाउसजवळून जाणारी सार्वजनिक पायवाटही टिकटॉकवर जाहीर झाली आणि मालकांना आगंतुकांचा उपद्रव सुरू झाला.

काही समीक्षकांनी यावरून निकाल दिला, की चित्रपटाचा उपहास फसला. ज्यांची टर उडवायची त्यांनीच तो मिरवला. मला उलट वाटते. श्रीमंतीची टवाळी करणारे आपण ती पाहायला मिळाली की डोळे हटवू शकत नाही, हेच चित्रपट म्हणत होता. ऑलिव्हर ज्या घराच्या दालनांतून नागवा नाचत जातो, तेच फेलिक्सने त्याला पहिल्या दिवशी फिरून दाखवलेले आहे. आणि आपणही त्याच डोळ्यांनी पाहिलेले आहे. कुंपणावरून आत डोकावणाऱ्या पर्यटकाने आणि फोनवर हवेली पाहणाऱ्या लाखोंनी चित्रपटाचे म्हणणे स्वतःच्या वागण्यातून खरे करून दाखवले. एखाद्या कलाकृतीला याहून थेट दाद क्वचित मिळते.

पुढची मांडणी याच क्रमाने आहे: आधी परंपरा आणि रूप यांविषयीचे लेख, मग वर्गाविषयीचे, मग देह आणि वासना यांविषयीचे, शेवटी प्रेक्षकांविषयीचे. त्यांत एकवाक्यता नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. वाचकाने प्रत्येक लेखाला एक प्रश्न विचारावा. लिहिणाऱ्याने या चित्रपटाकडून आधी काय मागितले, आणि ते मागणे चित्रपटातून आले की त्याआधी आलेल्या चित्रपटांच्या गर्दीतून? कलाकृतीला काय करायचे आहे हे ओळखणे हे समीक्षकाचे पहिले काम, ते तिला साधले का हे तपासणे दुसरे, आणि ते करण्याजोगे होते का हे ठरवणे तिसरे. ‘सॉल्टबर्न’च्या बाबतीत पुष्कळांनी थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतली. संपत्तीविषयीच्या कथांचे वाचन आपण पुष्कळदा असेच करतो. तिथे श्रीमंतांना शिक्षा झाली की आपल्याला नीतीचे समाधान मिळते आणि स्वतःची हाव तपासायची वेळ टळते. ते समाधान नाकारण्याचा हक्क कलावंताला आहे. त्या नकाराची कारणे शोधण्याइतका धीर समीक्षेत असला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.